ध्वनिखेळ : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की आम्ही काही मित्रमैत्रिणी अंध आणि डोळस दोघांनाही एकत्र खेळता येईल असा पत्त्यांचा मेंढीकोट बनवतो आहोत. त्यावर बरीच पत्रं आली. एरवी या सदरात बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, रेल्वेचं तिकीट असेच प्रश्न असतात. या वेळचं सदर पूर्ण खेळांना दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते : मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, एरंडवण्यात राहते, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि संध्याकाळी ध्वनिखेळ बनवते. ध्वनिखेळ म्हणजे ज्यात सगळं आवाजावर चालतं, पडदा बंद असला तरी काही अडत नाही, असा संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा खेळ.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला दिसत नाही. मुलगी आठवीत आहे, तिला दिसतं. सुट्टीत सगळी भावंडं मोबाइलवर खेळतात आणि हा बाजूला बसून “आता काय झालं?” विचारत राहतो. त्याच्यासाठी वेगळे खेळ असतात का? आणि ते दिले तर तो आणखी एकटा पडेल का?
(एक आई, कोथरूड)

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण खरी गोम तिथे आहे. फक्त अंधांसाठीचा खेळ देऊन, हेडफोन लावून त्याला कोपऱ्यात बसवलं, तर तो रमेल, पण भावंडांच्या घोळक्यात येणार नाही. त्याला दोन्ही हवं. स्वतःचे खेळ हवेत, आणि बहिणीला हरवता येईल असेही हवेत.

स्वतःचे खेळ पुष्कळ आहेत. १९९७ साली जपानमध्ये केन्जी एनो यांनी सेगा सॅटर्न या खेळयंत्रासाठी चित्रंच नसलेला खेळ काढला होता. २०१० मध्ये आयफोनवर ‘पापा सांग्रे’ आला, त्यात पूर्ण काळोखात आवाजाच्या मागावर चालायचं असे. २०१५ च्या ‘अ ब्लाइंड लेजंड’ या फ्रेंच खेळात अंध योद्ध्याला त्याची मुलगी बोलून वाट दाखवते. मोठ्या कंपन्याही आता जाग्या झाल्या आहेत. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये सुलभतेच्या साठाहून जास्त सोयी होत्या आणि पूर्ण अंध खेळाडूंनी तो शेवटपर्यंत खेळला. पण त्यात हिंसा फार आहे, अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नका. गाड्यांचं वेड असेल तर २०२३ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये वळण किती जवळ आलं, गाडी रस्त्याच्या कुठल्या कडेला आहे हे आवाजाने कळतं.

आता बहिणीबरोबरचं. यासाठी मोबाइलची गरजच नाही. पत्त्यांचा एक नवा कॅट आणा. मुलाची पाटी आणि कलम घरात असेलच. प्रत्येक पत्त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत ब्रेलमध्ये रंगाचं एक आणि पत्त्याचं एक अक्षर टोचा. कोणत्या रंगाला कोणतं अक्षर हे त्यालाच ठरवू द्या आणि टोचायलाही त्यालाच बसवा. मग खेळताना एकच नियम : पत्ता टाकणाऱ्याने त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. बदाम सत्तीपासून सुरू करा, त्यात पाळी सावकाश येते आणि कोणत्या रंगाची ओळ कुठवर आली हे डोक्यात धरायला मजा येते. हे लक्षात ठेवण्यात तो बाकीच्यांच्या पुढे गेला तर नवल वाटून घेऊ नका. आम्ही अंध माणसं सतत ऐकून लक्षात ठेवत असतो, त्यामुळे ती सवय पक्की असते.

मोबाइलवर खेळ निवडताना एवढं पाहा की तोच खेळ मुलीला चित्रांसकट दिसतो आणि मुलाला आवाजासकट ऐकू येतो. आणि घरात खेळताना हेडफोन काढून ठेवायला सांगा, सगळ्यांना सगळं ऐकू येऊ द्या.

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून ध्वनिखेळ करायचा आहे. विंडोज, अँड्रॉइड आणि आयफोन तिन्हीवर चालला पाहिजे. युनिटी घेऊ की दुसरं काही? मला दिसतं, त्यामुळे सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.
(विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : इंजिन (म्हणजे युनिटीसारखं खेळ बांधायचं तयार साधन) कोणतं हा प्रश्न तू पहिला विचारलास, मी तो शेवटी घेणार आहे. त्याआधी कागदावर (किंवा जिथे लिहितोस तिथे) खेळाचे तीन भाग वेगळे कर.

पहिला भाग नियमांचा. आमच्या मेंढीकोटात पत्ते वाटणं, पाळी कोणाची, हुकूम कधी उघडला, हात कोणी उचलला, कोणाकडे किती मेंढ्या (म्हणजे दश्श्या) गेल्या, हे सगळं या भागात आहे. याला आवाज माहीत नाही, पडदा माहीत नाही, फोन आहे की संगणक तेही माहीत नाही. तो फक्त बातमी देतो : डावीकडच्याने चौकट राजा टाकला. दुसरा भाग आवाजांचा : या बातमीवर कोणता आवाज, कुठून, किती मोठा. तिसरा भाग बोलण्याचा : या बातमीतलं काय शब्दांत सांगायचं. पहिला भाग तिन्ही यंत्रांवर अक्षरशः तोच राहतो, दुसरा जवळपास तोच राहतो, आणि सगळा त्रास तिसऱ्यात असतो. तो आधीच वेगळा काढला नाहीस तर दुसऱ्या यंत्रावर जाताना खेळ नव्याने लिहावा लागेल.

बोलण्याबद्दल माझं मत ठाम आहे : आवाज खेळाचा, बोलणं खेळाडूचं. डोळस मुलं ध्वनिखेळ करायला घेतात तेव्हा पहिली गोष्ट करतात ती म्हणजे एखाद्या गोड आवाजाच्या मैत्रिणीकडून सगळी वाक्यं रेकॉर्ड करून घेतात. गोष्ट सांगायची असेल, पात्रांचे संवाद असतील, तर जरूर घ्यावीत. पण मेनू, गुण, हातातले पत्ते, पाळी हे सगळं खेळाडूच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरनेच, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनेच, बोललं पाहिजे. मी दिवसभर ज्या वेगाने ऐकते तो वेग शेजारी बसलेल्या डोळस माणसाला नुसता गोंगाट वाटतो. रेकॉर्ड केलेल्या वाक्याचा वेग मला वाढवता येत नाही, ते मधेच तोडता येत नाही, आणि विसाव्यांदा ऐकताना जीव नकोसा होतो. त्याहून मोठं कारण असं की स्क्रीन रीडरकडे मजकूर गेला की तो ब्रेल डिस्प्लेवरही, म्हणजे बोटांनी वाचायच्या ब्रेल पट्टीवरही, उमटतो. म्हणजे जिला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशी मुलगीसुद्धा पत्ते खेळू शकते. रेकॉर्डिंगने ते दार बंद होतं.

आता प्रत्येक यंत्रावर तो मजकूर पोचवायचा कसा. विंडोजवर आपल्याकडे बहुतेकजण एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात, कारण तो मोफत आहे. काहींकडे जॉज असतो. दोघांशी बोलायची पद्धत वेगळी आहे, पण टोल्क नावाची छोटी लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतलीस तर ती स्वतःच पाहते की कोणता स्क्रीन रीडर चालू आहे. एकही चालू नसेल तर ती विंडोजच्या साध्या आवाजाकडे वळवता येते. टोल्क फक्त विंडोजपुरती आहे, हे लक्षात ठेव.

फोनवर प्रश्न बोलण्यापेक्षा बोटांचा आहे. टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर चालू असताना एका बोटाने उजवीकडे सरकवलं की ती खूण टॉकबॅक घेतो आणि पुढच्या घटकावर जातो, तुझ्या खेळापर्यंत ती पोचतच नाही. आयफोनवर व्हॉइसओव्हर या तिथल्या स्क्रीन रीडरला सांगता येतं की पडद्याचा हा भाग थेट स्पर्शासाठी मोकळा सोड. अँड्रॉइडवरचे बरेचसे धावपळीचे खेळ खेळाडूला टॉकबॅक थांबवायला सांगतात आणि फोनचं टेक्स्ट-टू-स्पीच वापरून स्वतः बोलतात. पत्त्यांसारख्या खेळाला यातलं काहीच लागत नाही. हातातला प्रत्येक पत्ता म्हणजे एक साधं बटण ठेव, त्याला नीट नाव दे. सरकवून पत्ते चाळायचे, दोनदा टॅप करून टाकायचा. खेळाडूला हे शिकवावं लागत नाही, दिवसभर तो तेच करत असतो.

ब्राउझरमधला खेळ हा तिन्हीकडे चालणारा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. आयफोनसाठी अ‍ॅप बांधायचं तर मॅक लागतो आणि अ‍ॅपलला वर्षाला ९९ डॉलर द्यावे लागतात. गूगल प्लेवर एकदाच २५ डॉलर. विद्यार्थ्याला ब्राउझरच बरा. पण त्याचे स्वतःचे खाचखळगे आहेत. हुकूम विचारायला ‘एच’ हे बटण ठेवायचा मोह होतो. एनव्हीडीए वेबपान वाचत असताना ‘एच’ दाबलं की तो पुढच्या मथळ्यावर उडी मारतो, ‘बी’ दाबलं की पुढच्या बटणावर. खेळाडू बदामाचा ‘बी’ दाबून वाट पाहत बसतो आणि खेळ गप्प. यासाठी खेळाच्या भागाला अ‍ॅप्लिकेशन ही भूमिका द्यावी लागते, म्हणजे बटणं थेट तुझ्याकडे येतात. ती फक्त खेळाच्या भागालाच दे, नियमांच्या पानाला नको, नाहीतर तिथलं वाचन अडेल. शिवाय खेळाडूने काहीतरी दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करत नाही, म्हणून पहिल्या पानावर ‘खेळ सुरू करा’ हे बटण हवंच. आणि पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये लिही. ते नसेल आणि खेळाडूचा आवाज इंग्रजीवर असेल तर देवनागरी मजकूर वाचला जात नाही किंवा भलताच वाचला जातो. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजाला मराठी येतं, गूगलच्या आवाजालाही येतं. फक्त त्यांना कळलं पाहिजे की समोर मराठी आहे.

इंजिनचं आता सांगते. युनिटीत वर्षानुवर्षं स्क्रीन रीडरला काहीच ऐकू येत नसे, कारण इंजिन सगळं पडद्यावर स्वतः रंगवतं आणि बटण कुठे आहे हे यंत्रणेला सांगतच नाही. आता टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हरसाठीची सोय त्यात आली आहे, पण ती तुला स्वतः जोडावी लागते. गोडो या दुसऱ्या इंजिनच्या २०२५ मध्ये आलेल्या ४.५ या आवृत्तीत स्क्रीन रीडरचा आधार आहे, अजून नवखा आहे. ध्वनिखेळच करायचा असेल तर त्यासाठीच केलेलं एनव्हीजीटी हे इंजिन बघ. पूर्वी अंध प्रोग्रॅमर बीजीटी हे इंजिन वापरायचे. ते विंडोजपुरतं होतं, त्यावरचं काम थांबलं, आणि त्यात बनवलेल्या निर्धोक खेळांनाही अँटिव्हायरस व्हायरस म्हणून अडवायचे. एनव्हीजीटी त्याच वळणाचं आहे, २०२४ पासून मुक्त स्रोत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्सबरोबर फोनसाठीही खेळ बांधतं.

एक गोष्ट तपशिलात दाखवते, कारण माझ्या मते ध्वनिखेळ इथेच जिंकतो किंवा हरतो. हातातल्या पत्त्यावर बोट आलं की नवखा माणूस असं बोलवतो : “पत्ता क्रमांक पाच, किलवरची सत्ती, हा पत्ता टाकण्यासाठी दोनदा टॅप करा.” तेरा पत्ते असे ऐकून पाहा. आम्ही फक्त “किलवर सत्ती” ठेवलं. टाकता येणार नाही अशा पत्त्याला शब्द नाही, त्याच्याबरोबर पुठ्ठ्यावर बोट आपटल्यासारखा बारीक बद्द आवाज येतो. दुसऱ्याने पत्ता टाकला की “तुमच्या डाव्या बाजूच्या खेळाडूने बदामाची राणी टाकली” असं नाही. डाव्या कानात पत्ता पडल्याचा टप्प आवाज, आणि त्यावर “बदाम राणी”. कोणी टाकला हे कान सांगतात. उजव्या भिडूचा पत्ता उजवीकडे पडतो, समोरचा जोडीदार मध्यभागी पण जरा लांबून, आणि स्वतःचा पत्ता मध्यभागी जवळून. क्रियापद गाळल्यामुळे राजा टाकला, राणी टाकली ही कोडमधली भानगडही मिटते. दश्शी पडली की टप्पच्या आत एक छोटी घंटी मिसळलेली असते, त्यामुळे मेंढी आली हे नाव ऐकायच्या आधीच कळतं. आणि खेळाडूने कोणतंही बटण दाबलं की चालू बोलणं त्या क्षणी थांबतं. ही शेवटची गोष्ट विसरलास तर बाकी सगळं व्यर्थ.

ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं त्यांच्यासाठी डावं-उजवं निरुपयोगी असतं. त्यांना सेटिंगमध्ये मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) निवडता येतं, मग प्रत्येक जागेच्या पत्त्याचा टप्प वेगळ्या पट्टीत वाजतो.

तपासायला मित्रांना डोळ्यांवर पट्टी बांधून बसवू नकोस. पट्टी बांधलेला डोळस माणूस काही मिनिटांचा आंधळा असतो, त्याला स्क्रीन रीडर येत नसतो आणि त्याच्या अडचणी आमच्या नसतात. पुण्यात अंध विद्यार्थी, नोकरदार, गायक, फिजिओथेरपिस्ट सगळे भेटतील. कोरेगाव पार्कात आणि कोथरूडमध्ये अंध मुलांमुलींच्या जुन्या शाळा आहेत, तिथे रीतसर परवानगी घेऊन विचार. फोन त्यांच्या हातात दे आणि तू तोंड बंद ठेव. “आता उजवीकडे सरकवा” हे शब्द तुझ्या तोंडून निघाले की समज, तेवढं खेळात सांगायचं राहिलं आहे. आणि त्यांच्या वेळेचे पैसे दे, निदान जाण्यायेण्याचा रिक्षाखर्च तरी.

प्रश्न : मी बारावीत आहे, पूर्ण अंध आहे. मला ध्वनिखेळ नुसते खेळायचे नाहीत, बनवायचे आहेत. क्लासवाले सर म्हणतात, कोडिंगला डोळे लागतात.
(विद्यार्थी, आळंदी)

उत्तर : तुझ्या सरांना सांग, ज्या एनव्हीडीएवर तू अभ्यास करतोस तो २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी लिहायला घेतला, आणि ते स्वतः अंध आहेत. तो बराचसा पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे आणि त्याचा कोड कोणालाही उघडून वाचता येतो. तूही वाच.

पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीची जागा महत्त्वाची असते, तिथे अंध मुलं बिचकतात. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ही जागा सुरांनी ऐकायची सोय आहे : ओळ जितकी आत, तितका सूर चढा. ती चालू कर. दोन-तीन आठवड्यांत कोडचा आकार तुला सुरांवरून कळायला लागेल. लिहायला व्हीएस कोड घे, तो स्क्रीन रीडरबरोबर चांगला चालतो. पहिला खेळ अगदी लहान कर : संगणकाने मनात धरलेला आकडा ओळखायचा, चूक असेल तर जास्त की कमी हे चढ्या किंवा उतरत्या सुराने कळतं. तो पूर्ण कर, मित्राला दे, मग पुढचा. अर्धवट सोडलेल्या मोठ्या खेळापेक्षा पुरा झालेला छोटा खेळ जास्त शिकवतो. मला कोड पाठव, मी वाचेन.

प्रश्न : आमचं ढोल-ताशा पथक आहे. तुमच्या खेळांसाठी पुण्याचे अस्सल आवाज रेकॉर्ड करून द्यायला आम्हाला आवडेल. काय लागेल?
(पथकातील काही वादक, कसबा पेठ)

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. मेंढीकोटानंतर आम्हाला लपंडाव करायचा आहे, जुन्या वाड्यात रंगणारा. त्याला तुमच्यासारखे कान असलेले लोकच हवेत.

आधी ढोलाचं. ढोलाचा घुमारा अंगात शिरतो, पण तो कुठून येतोय हे कानांना चटकन सांगता येत नाही. ताशाच्या काडीचं मात्र लगेच कळतं. खर्जाच्या लांबलचक आवाजापेक्षा तीक्ष्ण, तुटक, वरच्या पट्टीतल्या आवाजाची जागा कान अचूक पकडतो. शिवाय ढोल वाजत असताना बाकीचे बारीक आवाज त्याखाली दबून जातात. म्हणून खेळात ढोल दूर, गल्लीच्या पलीकडे, थोडाच वेळ. आणि वाड्याचा दिंडी दरवाजा कुठे आहे हे सांगायला ताशाचे दोन ठोके.

आम्हाला खरे हवेत ते लहान आवाज. शहाबादी फरशीवर चपलेचं पाऊल, अनवाणी पाऊल, ओल्या फरशीवरचं पाऊल. लाकडी जिन्याच्या पायऱ्या, प्रत्येक पायरी वेगळी कुरकुरते ती. दाराची कडी, कडीकोयंडा, हौदात पडणारं पाणी, पितळी हंडा ठेवल्याचा आवाज, माळ्यावरचा पत्रा. प्रत्येक पावलाचे पाच-सहा वेगळे नमुने घ्या. एकच पाऊल सारखं वाजलं की दहा सेकंदांत कानाला कळतं की हे यंत्र आहे, आणि वाडा विरतो.

रेकॉर्ड करताना पंखा बंद, फ्रिज बंद, फोन विमान मोडवर. माइक आवाजाच्या शक्य तितका जवळ. खोलीचा घुमारा आवाजात येऊ देऊ नका, कारण तो आम्हाला कोडमधून द्यायचा असतो : तेच पाऊल माजघरात कोरडं आणि चौकात मोकळं ऐकू यायला हवं. फाइल वेव्हमध्ये पाठवा. एमपीथ्रीच्या सुरुवातीला आणि शेवटी जराशी शांतता चिकटते, आणि पाण्याची धार किंवा पावसासारखा सलग आवाज फिरवून वाजवताना दर फेरीला खट्ट असा खंड पडतो.

वाड्यात दार ओळखायचं कसं, हे तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण डोळस माणसांना यावर लवकर विश्वास बसत नाही. मी बोळातून भिंतीच्या कडेने चालते तेव्हा त्या बाजूच्या कानाला एक बंदिस्तपणा जाणवतो. माझ्याच पावलांचा आवाज भिंतीवर आपटून लगेच परत येत असतो. उघडं दार आलं की ती बाजू मोकळी होते आणि आतल्या खोलीतले आवाज, एखादं घड्याळ, कुकर, त्या फटीतून बाहेर येतात. खेळात आम्ही नेमकं हेच करणार आहोत. “उजवीकडे दार आहे” असं कोणी म्हणणार नाही. उजवा कान उघडेल.

अवघड भाग मागे-पुढेचा आहे. डावीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो, फार तर ०.७ मिलिसेकंद, आणि मेंदू तेवढ्यावरून बाजू ओळखतो. पण बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांना एकदमच पोचतो. प्रत्यक्षात आपण मान जराशी वळवून हा गोंधळ सोडवतो. हेडफोन घातला की मान वळवली तरी सगळं जग डोक्याबरोबर फिरतं, त्यामुळे तो मार्ग बंद. म्हणून ध्वनिखेळांत मागच्या वस्तूचा आवाज थोडा दबका करतात किंवा थोडा खालच्या पट्टीत नेतात. तुम्ही दिलेल्या आवाजात वरची धार असेल तरच ती कापून ‘मागे’ दाखवता येते. ज्यात मुळातच धार नाही त्यातून काय कापणार? म्हणूनही ताशा हवा, कडी हवी, पत्रा हवा.

मंडईतल्या भाजीवाल्यांच्या आरोळ्या घ्यायच्या झाल्या तर आधी त्यांना विचारा, कशासाठी ते सांगा, आणि हो म्हटल्यावरच माइक काढा. आवाज हा त्या माणसाचा असतो, चेहऱ्यासारखाच. बसच्या कंडक्टरची डबल बेल मिळाली तर सोनं.

प्रश्न : वय सत्तरीचं. काचबिंदूमुळे कडेचं दिसेनासं झालं, मधलं थोडं शाबूत आहे. सारसबागेत आमचा पत्त्यांचा अड्डा होता, तो सुटला. कानात यंत्र घालून बोलणारा फोन ऐकत बसणं मला जमेलसं वाटत नाही. माझ्यासारख्यासाठी काही आहे का?
(एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : काका, आहे. आणि अड्डा सोडू नका. मोठ्या अक्षरांचे जंबो पत्ते बाजारात मिळतात, ते मागवा. बागेत बसताना उजेड तुमच्या पाठीमागून येईल अशी जागा धरा. समोरून ऊन आलं की उरलेलं दिसणंही दिपून जातं. बुद्धिबळ येत असेल तर नातवाला लीचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ उघडून द्यायला सांगा, ते मोफत आहे, पट मोठा करता येतो आणि पुढेमागे गरज पडली तर स्क्रीन रीडरनेही खेळता येतं.

आमच्या मेंढीकोटात तुमच्यासारख्यांचा विचार पहिल्यापासून आहे. कडेचं दिसत नाही त्यांच्यासाठी सगळे पत्ते पडद्याच्या कडांना न पसरता मध्यावर येतात, एका वेळी एक, पडदाभर मोठा. चारही रंगांना चार वेगळे रंग दिले आहेत : बदाम लाल, चौकट निळी, किलवर हिरवं, इस्पिक पांढरं. काळ्या पार्श्वभूमीवर बदाम आणि चौकट एकमेकांत मिसळत नाहीत. टप्प, घंटी हे आवाज फोनच्या साध्या स्पीकरवरही नीट ऐकू येतात, कानात काही घालायला नको. बोलणं नको असेल तर ते पूर्ण बंद करता येतं.

एक मदत करा. अक्षरं काळ्यावर पिवळी सोपी जातात की पिवळ्यावर काळी, हे घरात दुपारच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली, दोन्ही वेळा पाहून संपादकांच्या पत्त्यावर कळवा. दोन्ही पर्याय ठेवले आहेत, पण खेळ पहिल्यांदा उघडल्यावर समोर कोणता यावा हे अजून ठरलेलं नाही, आणि आमच्यात ते सांगू शकेल असं कोणी नाही.